कासवीण क्रमांक दोनशे तेरा

आईची दाढ मी चोरली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सांगताना मला सोवळेपणाचा आव आणता येणार नाही.

चोरली म्हणजे काय, तोंडात उरलेली ती शेवटची दाढ दंतवैद्यांनी काढून ट्रेमध्ये ठेवली होती, ती मी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. आई तोंडात कापसाचा बोळा धरून खुर्चीत बसली होती. तिने पाहिलं, पण बोलता येत नव्हतं म्हणून नुसती हसली. तिला वाटलं असणार, पोरगी दाढ कौलांवर टाकायला नेते आहे. माझे दुधाचे दात पडले तेव्हा ते कौलांवर टाकायला ती नव्हती. लीलूमावशी टाकायची.

मी शमिका भाटकर. रत्नागिरीच्या एका सागरी संशोधन केंद्रात काप काढायचं काम करते. हाड, खवला, शिंपला, जे हातात येईल त्याचे केसाहून पातळ काप काढायचे आणि यंत्रात सरकवायचे. यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे. आम्ही त्याला चित्रगुप्त म्हणतो, कारण तो कुणाचंच काही विसरत नाही.

त्याची युक्ती तशी सोपी आहे. शरीरातले काही भाग एकदा बनले की बदलत नाहीत, त्यांच्यावर नुसते थर चढत जातात. झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं वाढतं, तसंच. आणि जिवावर बेतलं, उपासमार झाली, पिल्लू गेलं की रक्तात कॉर्टिसॉलसारखी ताणाची द्रव्यं वाढतात. त्यांचा अंश त्या-त्या वेळच्या थरात अडकून राहतो. चित्रगुप्त एकेक थर किरणाने जाळतो, त्याची वाफ हुंगतो आणि पडद्यावर एक रेघ काढतो. रेघ वर गेली की त्या वर्षी जिवाला घोर होता. सपाट राहिली की सगळं आलबेल. निदान आम्ही तसं समजत होतो.

सात वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्याला एक कुबड्या देवमासा लागला. मादी होती. जगातले बाकीचे कुबडे देवमासे थंड समुद्रातून उबदार समुद्रात आणि परत अशा हजारो मैलांच्या येरझाऱ्या घालतात. आपल्या अरबी समुद्रातले मात्र कुठे जात नाहीत. शंभरही उरलेले नाहीत. ओमानचा किनारा आणि आपला किनारा, एवढंच त्यांचं जग. मादीला दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू होतं, ते वर्षभर तिच्या अंगाला चिकटून दूध पितं. देवमाशाच्या कानातला मळ कधी बाहेर पडत नाही. जन्मापासून थरावर थर साचून त्याचा वीतभर खुंटा होतो. तो खुंटा मी माझ्या हाताने कापला.

एकतीस वर्षांचं आयुष्य पडद्यावर उमटलं. एकोणिसाव्या वर्षी रेघ एकदम वर गेली आणि सव्वीस महिने खाली आलीच नाही. काझीमॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुख डॉ. फरीदा काझींनी, जुने फोटो काढले. शेपटीवरच्या पांढऱ्या ठशांवरून देवमासा ओळखता येतो. त्या वर्षी डिसेंबरात ही मादी पिल्लासोबत दिसली होती, फेब्रुवारीत एकटी. मॅडम खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "सव्वीस महिने गं," एवढंच म्हणाल्या.

तुलनेला कासव घेतलं. ऑलिव्ह रिडले कासवीण आमच्याच वाळूत येते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, तासाभरात खड्डा बुजवून समुद्रात परत. पिल्लं निघतात तेव्हा आई कुठल्या पाण्यात असते, देव जाणे. किनाऱ्यावरच्या कासवमित्रांनी चार हंगामांत दोनशे बारा कासविणींच्या पाठीच्या कडेचा नखाएवढा पापुद्रा काढून आणला. अंडी घालताना ती जागची हलत नाही, त्यामुळे हे जमतं. दोनशे बाराच्या दोनशे बारा रेघा सपाट निघाल्या.

आमचा शोधनिबंध छापून आला आणि एका वर्तमानपत्राने मथळा दिला, ‘देवमाशीण झुरते, कासवीण विसरते’. झालं. शाळांनी नाटुकली बसवली. आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की माणसाच्या दाढेच्या मुळावरही असेच थर चढतात. वर्षाच्या आत पुण्यात तीन खाजगी प्रयोगशाळा निघाल्या. ‘तुमच्या दाढेत तुमचं आयुष्य’ अशी जाहिरात एसटीच्या पाठीवर दिसायला लागली. घटस्फोटात मूल कुणाकडे द्यायचं हे ठरवताना वकील दाढेची रेघ पुढे करू लागले. शेजारणीशेजारणींच्या भांडणात ‘कासवीण कुठली’ ही शिवी झाली. मी काप काढणारी बाई, मला यातलं काही नको होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला ते हवं होतं. एका रेघेसाठी हवं होतं.

माझे वडील मच्छीमारी बोटीवर गेले आणि परत आले नाहीत, तेव्हा मी चार वर्षांची होते. पाचव्या वर्षी आई मला लीलूमावशीच्या घरी ठेवून मस्कतला गेली. तिथल्या एका घरात तीन मुलं सांभाळायचं काम होतं. अकरा वर्षं तिने ती तीन मुलं सांभाळली. आमच्या शिरंब्याच्या थांब्यावरून ती एसटीत चढली तो दिवस मला लख्ख आठवतो. हिरवी साडी, काखेत रेक्झिनची बॅग. मी मावशीच्या कडेवरून हाका मारत होते. आईने मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही.

दर शुक्रवारी फोन यायचा. "जेवलीस काय गो? अभ्यास करतेस ना?" संपलं. एकदा तिच्या मांडीवर त्यातलं धाकटं पोर बसलेलं आहे असा फोटो आला. तो मी फाडला आणि मावशीचा मार खाल्ला. मी सोळा वर्षांची असताना आई कायमची परत आली, तोवर मी कॉलेजच्या वसतिगृहात गेले होते. मग आम्ही एकमेकींशी फार सभ्यपणे वागत आलो. पाहुण्यांशी वागतात तसं.

आता ती सहासष्टची, गुडघे गेलेले, शिरंब्याच्या घरात एकटी. मी रत्नागिरीत एकटी. दाढ काढली त्या दिवशी संध्याकाळी पेज पिता पिता ती म्हणाली, "कवळी होईपर्यंत खेपा घालायच्याच आहेत. तर मग राहू काय गो इथेच? कायमची म्हणते मी. तुझ्या अडचणीत नाही येणार."

मी म्हटलं, "बघू."

हा ‘बघू’ मी चित्रगुप्तावर सोपवला. दुसऱ्याची दाढ तपासायची तर त्या माणसाची सही लागते, तसा कायदाच झाला होता. म्हणून मी दाढेचा काप कासवांच्या यादीत घुसडला. दोनशे बारा झाले होते, हा दोनशे तेरावा.

जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे खायला गेले असताना, रेघ उमटली. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती उभीच्या उभी चढली होती. ते वडील गेले ते वर्ष. एकोणतिसाव्या वर्षी खाली आली. आणि मग अकरा वर्षं तळ्याच्या पाण्यासारखी निवांत. एक तरंग नाही. चाळिसाव्या वर्षी पुन्हा चढली, वडील गेले तेव्हापेक्षाही वर, आणि पाच-सहा वर्षं खाली आली नाही. चाळिसाव्या वर्षी काय झालं होतं, तर ती माझ्याकडे परत आली होती.

म्हणजे मला सोडून गेल्यावर ती सुखात होती आणि मी पुन्हा गळ्यात पडल्यावर तिला घोर लागला. मी तो कागद छापून घेतला. तेव्हा मला वाटलं, हा सगळा राग आहे. आता वाटतं, त्यात थोडा आनंदही होता. इतकी वर्षं जे म्हणत आले ते खरं ठरल्याचा आनंद. लाज वाटते सांगायला.

संध्याकाळी आईने माझ्यासाठी सोलकढी केली होती. मी ताटाशेजारी कागद ठेवला आणि तिला सगळं समजावून सांगितलं, देवमाशिणीचे सव्वीस महिने, कासविणींच्या सपाट रेघा आणि ही तिची. ती चष्मा लावून बोटाने रेघ चाचपत राहिली. मला वाटलं होतं ती चिडेल, नाही म्हणेल, निदान रडेल. मी त्याचीच वाट पाहत होते. ती नाही म्हणाली असती तर मी कागद फाडला असता.

"ही अकरा वर्षं काय?" तिने विचारलं.

"हो."

"खरं आहे," ती म्हणाली. "तेव्हा मला काही वाटायचंच नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, नंतर बंद झालं. फोन ठेवला की मी त्या मुलांचे डबे भरायला जायची. रडू यायचं नाही. तिथली दुसरी बाई, केरळची, ती उशी भिजवायची. मला वाटायचं, आपण कसली आई."

"मग माझ्याकडे का राहायचंय आता?"

तिने कागदाची नीट घडी घातली, चार घड्या. "बरं झालं कळलं ते," ती म्हणाली. "मला कधी कुणाला विचारता आलं नसतं." मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, "भात गार झाला."

सकाळच्या गाडीने ती शिरंब्याला गेली. थांब्यावर मी तिला सोडायला गेले नाही. कागद घेऊन गेली ते माझ्या नंतर लक्षात आलं.

कवळीच्या मापाला तिने यायचं होतं. आली नाही. दंतवैद्यांनी आधीच घेतलेल्या ठशावरून कवळी तयार केली. त्यांच्या दवाखान्यातली मुलगी दर पंधरवड्याला मला फोन करायची. "मॅडम, आईंची कवळी तयार आहे." मी म्हणायची, घेऊन जाते. मार्चमध्ये आईच्या शेजारच्या सुमनवहिनींचा फोन आला की वैजूकाकी, म्हणजे आई, न्हाणीघरात पडल्या, आठ दिवस अंथरुणात होत्या, तुम्हाला कळवू नका म्हणाल्या. मी आईला फोन केला. "काही नाही गो, जरा पाय घसरला," ती म्हणाली. "तू जेवलीस काय?"

मे महिन्यात शिरंब्याचे दत्ताराम खडपे केंद्रात आले. हे तिथल्या कासवमित्रांतले सगळ्यांत जुने. हातात बर्फाचा डबा.

"काल वाहत आलेल्या जाळ्यात कासवीण मिळाली, बाय. मेलेली. अंग पुरलं आम्ही, हळदकुंकू वाहून. पण हा हात जाळ्याने कापून सुटाच झालेला. म्हटलं, सुटा आहे तर नेऊ. कापायला तर आम्ही दिलं नसतं, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आमच्या गावात मेलेलं कासव कुणी कापू देत नाही. कूर्मावतार तो, त्याला नारळ ठेवून वाळूत पुरतात. त्यामुळे इतक्या वर्षांत कासवाचं आख्खं हाड आमच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं. आले ते पापुद्रे, जिवंत कासविणींचे.

हाताच्या हाडातही वर्षाचं कडं असतं. मी काप काढले, यादीत लिहिलं, दोनशे चौदा. रेघ उमटली तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. वर, खाली, वर, डोंगरच डोंगर. आणि दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला मध्येच एक सपाट पट्टी.

काझीमॅडम बराच वेळ पडद्यासमोर बसल्या. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, आपण मूर्ख आहोत. कासविणीला आपण भेटतो कधी? अंडी घालताना. दुसऱ्या कधी ती आपल्याला दिसतच नाही. आणि पापुद्र्यात शेवटच्या महिन्याभराचंच असतं. देवमाशिणीचं आपण आख्खं आयुष्य वाचलं आणि हिचा एक महिना. आणि म्हणे तुलना!"

"पण त्या महिन्यात तरी सपाट का?"

"नाहीतर तिला ते करताच येणार नाही. समुद्रातला जीव, वाळूवर स्वतःचं वजन ओढत येतो. कुत्रे असतात, माणसं असतात, विजेऱ्या असतात. घाबरली तर मागे फिरेल, अंडी पोटातच राहतील. म्हणून त्या दिवसांत तिचं शरीर ताणाची द्रव्यं सोडणारी गाठच बंद करून टाकतं. भीती नाही, दुखणं नाही, काही नाही. काम उरकेपर्यंत. देवमाशिणीला ही गरजच पडत नाही. तिचं पिल्लू कुशीत असतं, ती पाण्यात असते, ती झुरू शकते. ही परत समुद्रात गेली की मग बघ." त्यांनी बोट ठेवलं. सपाट पट्टी संपली की लगेच सगळ्यांत उंच डोंगर होता.

मग त्या जुन्या रेघा उलटसुलट करून पाहू लागल्या. मी तिथून उठायला हवं होतं, पण उठले नाही. दोनशे तेरापाशी त्या थांबल्या.

"ही बघ! ही आधी कशी नाही दिसली मला? हा काही पापुद्रा नाही, यात तर आख्ख्या आयुष्याची कडी आहेत. आधी उंच, मग सपाट, मग त्याहून उंच. चौदासारखीच. पण हिची सपाटी केवढी लांब! अकरा कडी. अकरा वर्षं वाळूवरच होती की काय ही?" त्या माझ्याकडे वळल्या. "कुठल्या किनाऱ्यावरची गं?"

"शिरंब्याची," मी म्हटलं. मग म्हटलं, "मस्कतला होती, मॅडम. माझी आई आहे."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सही नसताना दाढ तपासली म्हणून माझी नोकरी जाऊ शकली असती. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "शमिका, माणसाचंही असं होतं. फार दिवस, फार मोठं ओझं असलं की रेघ वर जात नाही, उलट खाली जाते. डॉक्टरांना हे पुष्कळ आधीपासून माहीत आहे. सपाट रेघेचे दोन अर्थ होतात. काहीच वाटत नाही, हा एक. आणि वाटून घेतलं तर उभं राहता येणार नाही, हा दुसरा. दोन्ही रेघा दिसायला सारख्या."

"आईची कुठली?"

"ते चित्रगुप्त सांगू शकत नाही. मीही नाही."

निबंधाची दुरुस्ती छापून आली. त्या वर्तमानपत्राने आतल्या पानावर चार ओळी दिल्या, बियाण्यांच्या जाहिरातीखाली. पुण्याच्या प्रयोगशाळा चालूच राहिल्या.

त्या रविवारी मी दवाखान्यातून कवळीची डबी घेतली आणि शिरंब्याला गेले. आई अंगणात आमसुलं वाळत घालत होती, एका हातात काठी. तोंड आत ओढल्यासारखं झालं होतं, दहा वर्षांनी म्हातारी दिसत होती. मी तिथेच, उन्हात, सगळं सांगितलं. दोनशे चौदाचा हात, वाळूवरचे दिवस, बंद होणारी गाठ, दोन अर्थ. सांगताना मी रडले. माझ्या आठवणीत मी तिच्यासमोर पाचव्या वर्षानंतर पहिल्यांदाच रडले.

तिने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता. "म्हणजे मशीन चुकलं?"

"मशीन नाही. आम्ही चुकलो. मी चुकले. आई, घरी चल. माझ्याकडे राहा."

ती म्हणाली, "तू आता मला बरं वाटावं म्हणून दुसरा अर्थ काढतेस. तुझा स्वभाव चांगला आहे. लीलूने चांगली वाढवली."

"अगं, मॅडमनी स्वतः सांगितलं…"

"त्या म्हणाल्या ना, दोन अर्थ होतात? मग पहिलाही होतो." तिने एक आमसूल उलटं केलं. "मला तर आतून ठाऊक आहे, शमे. तेव्हा काही वाटत नव्हतं. मी होते ना तिथे. इतकी वर्षं मनात धरून होते, वाटायचं, कधीतरी कुणी म्हणेल, तसं नव्हतं गो. तर तू कागदच दाखवलास. त्या दिवशी एकदाचं ठरलं. आता पुन्हा उकरू नकोस. मला नाही झेपायचं."

आत देवघराशेजारी, आरशाच्या खिळ्याला, तो कागद लावलेला होता. चार घड्यांच्या खुणा होत्या. मी तो काढायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू दे. माझा आहे तो."

कवळीची डबी मी तिच्यासमोर ठेवली. तिने उघडून पाहिली, दात छान झालेत म्हणाली आणि डबी मिटून फळीवर ठेवली. "एकटीला काय लागतं? पेज असते."

मी खूप सांगितलं. पाया पडले, रागावले, इथेच राहते म्हणाले. ती म्हणाली, "उद्या कामावर जायचंय ना? चारची गाडी चुकवलीस तर मग गाडी नाही." काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत, ती मला थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत सुमनवहिनींना म्हणाली, "मुलगी आली होती, निघाली." थांब्यावर माझ्या हातात आमसुलांची पिशवी दिली. विजेवरची एसटी आवाज न करता वळणावरून आली आणि उभी राहिली.

"जेवत जा वेळेवर," आई म्हणाली.

मी पिशवी काखेत धरली आणि पायरीवर पाय ठेवला. मागे ती उभी होती, मला तिच्या काठीचा आवाजही येत होता. "शमे," असं तिने एकदा म्हटलं, बहुतेक. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला गाडीत चढता आलं नसतं. हे मला चढता चढता कळलं, आणि तोवर दार लागलं होतं.